हळद लागलेला रातांबा

बोनकोडे गावात यशोदाबाईंशी वाद घालायला सहसा कोणी जात नाही, आणि जो एकदा जातो तो परत जात नाही. बाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत धवले गाऊन लग्न लावते ती धवलारीण. भटजी उशिरा आला तर चालतं हो, लोक थंड पितात, फोटो काढतात. धवलारीण उशिरा आली तर नवऱ्याच्या बापाला घाम फुटतो. यशोदाबाईंना पार नावड्यापर्यंत बोलावणी असतात आणि न्यायला गाडी येते. असा त्यांचा मान. आणि अशा बाईला दारातल्या एका झाडाने खाली मान घालायला लावली होती.

झाड रातांब्याचं. त्याच्या फळाची सालं वाळवून आमसुलं करतात आणि शहरातली माणसं त्याला कोकम म्हणतात. यशोदाबाईंचे मालक धर्मराज, आता ते नाहीत, त्यांनी तीस वर्षांपूर्वी रोह्याच्या बहिणीकडून दोन रोपं आणली होती. खाडीकाठच्या या गावात रातांबा तोवर कोणी लावला नव्हता. एक रोप आपल्याला, एक गल्लीपलीकडच्या दोस्ताला, हौसेरावला. धर्मराज पडले दिलदार. म्हणाले, "तू आधी उचल, उरेल ते माझं." हौसेरावने उचललं ते फळाने लगडलं. उरलं ते यांचं, त्याला फुलं यायची, झडायची आणि झाडू मारायचं काम तेवढं वाढायचं.

पुढे गावची शेतं गेली, तिथे सेक्टर उभे राहिले. धर्मराजांनी जुन्या घराच्या जागी तीन मजली इमारत बांधली, भाडेकरू ठेवले, पण झाडाला हात लावू दिला नाही. कोणी काही बोललं की म्हणायचे, "देईल, देईल. घाई काय हाय?" तसेच म्हणत म्हणत गेले बिचारे.

तिकडे हौसेरावची बायको गिरजाबाई दर मे महिन्यात आमसुलांची बरणी घेऊन गल्ली ओलांडायची. "घे गं बाय, तुज्याकडं पिकत नाय ना!" यशोदाबाई बरणी घ्यायच्या, गोड हसायच्या आणि बरणी वरच्या भाडेकरूंना देऊन टाकायच्या. तीस वर्षं त्यांच्या कालवणात चिंचच पडली. आमसुलाचा एक तुकडा नाही. याला हट्ट म्हणा, अहंकार म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

पण खरा सल आमसुलांचा नव्हताच. गिरजाबाईने एकदा नळावर चार बायकांत त्या झाडाला वांझ म्हटलं होतं, आणि तो शब्द गावाने उचलला. यशोदाबाईंना लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं. तो शब्द त्यांनी स्वतःच्या पाठीमागे इतक्यांदा ऐकला होता की झाडाला कोणी म्हटलं तरी त्यांच्याच कानशिलावर बसायचा. पुढे केतन झाला आणि लोकांची तोंडं बंद झाली. झाडाचं काय, त्याला कुठला केतन होणार?

तर गेल्या वर्षी या केतननेच विषय काढला. आता तो मोठा झालेला, बांधकामाचा माल पुरवायचा धंदा, नवी गाडी. "आई, झाड काढू या. गाडी रस्त्यावर राहते, कोणीतरी आरसा तोडला परवा."

"तुज्या बापानं लावलंय."

"तीस वर्षं झाली आई, एक फळ नाय. कोणासाठी ठेवायचं?"

यशोदाबाईंनी सुनेकडे पाहिलं. नमिता बँकेत कामाला, शहाणी, कमी बोलणारी मुलगी. एरवी सासूची बाजू घ्यायची, त्या दिवशी मात्र ताटातल्या भाकरीकडे बघत बसली. मग यशोदाबाई म्हणाल्या, "एक वर्स दे मना. पुढल्या होलीपर्यंत फल धरलं नाय, तं तोड. मी आड येनार नाय." धवलारणीचा शब्द. दिला म्हणजे दिला.

वर्ष कसलं थांबतंय! माघ संपत आला, समोर गिरजाबाईच्या झाडावर बोराएवढी हिरवी फळं दिसायला लागली आणि यांच्या दारात नुसती फुलं. केतनने पालिकेची परवानगी काढली आणि वर एक शहाणपणा केला. गावच्या तरुण मंडळाला जाऊन सांगून आला, यंदा होळीला झाड आमचं. केवढा मान! मंडळाच्या प्रसादने तर होळीच्या मैदानात तसं जाहीरही केलं. होळीला बोललेलं झाड मागे घ्यायचं नसतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

यशोदाबाई त्या दिवसापासून झाडाकडे बघेनात. दारातून जाताना तोंड दुसरीकडे फिरवायच्या.

आणि नेमकं त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरची दीक्षा झाडाखाली येऊन उभी राहिली. हे कुटुंब मूळ महाडकडचं, दिवाळीनंतर राहायला आलेलं. वडील सुगत वाशीला कारकून, आई राजश्री शिवणकाम करते आणि दीक्षा कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकते. हातात भिंग, एक ब्लेड आणि गळ्यात मोबाइल लटकवलेला.

"आजी, एक डहाळी तोडू का? एका फळझाडाचं पूर्ण वर्णन करून द्यायचंय सरांना."

"तोड बाय, तोड. आता चार दिसांचा पावना हाय तो," यशोदाबाई म्हणाल्या, आणि जायच्या त्या तिथेच पायरीवर बसल्या. कोणीतरी त्या झाडाकडे चांगल्या नजरेने बघतंय, हे त्यांनी बऱ्याच दिवसांनी पाहिलं होतं.

दीक्षा मोबाइलमध्ये बोलून नोंद करत होती. "खोड सरळ. साल काळपट. झाडाचा आकार खाली रुंद, वर निमुळता. फांद्या खाली झुकलेल्या."

"फलांचं वझं नाय, तरी झुकल्यात," यशोदाबाई म्हणाल्या. "मानसानं असं असावं."

"पानं समोरासमोर, जोडीजोडीने."

"जावा-जावा बसतात तशी. एकमेकींच्या तोंडाकडं बघत."

दीक्षाला हसू आलं. "वरून गर्द हिरवी, चकचकीत. खालून फिकट. कोवळी पानं लालसर."

"सून पन पयल्या वर्साला लाल असते. मंग होते हिरवी."

"आजी, हे सगळं मोबाइलमध्ये जातंय हां!"

"जाऊ दे की. तुज्या सरांना पन कलू दे."

दीक्षाने पानाचा देठ मोडला. तिथून पिवळा चीक आला, घट्ट. यशोदाबाईंनी तो बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला. "बघ, अंगात हलद हाय याच्या. तीस वर्सात मी कवा मोडून नाय बघितलं." हे बोलताना मात्र त्यांचा आवाज जरा खाली आला.

मग दीक्षाने फूल घेतलं. छोटंसं, पिवळट गुलाबी. "बाहेर चार निदलं, आत चार पाकळ्या, जाडसर. मधे पुंकेसरांचा गोळा." ब्लेडने तिने फुलाचे दोन भाग केले, भिंग लावलं आणि मोबाइलवरची नोंद थांबवली. दुसरं फूल कापलं. तिसरं कापलं. "आजी, शिडी आहे?" शिडीवरून वरच्या फांद्यांची फुलं काढली, गल्लीच्या बाजूची काढली, मागच्या भिंतीकडची काढली. एकेक कापत गेली. पायरीवर फुलांचा नुसता भुगा झाला.

"काय झालं गं? कीड लागली काय?"

"आजी," दीक्षा खाली उतरून त्यांच्या शेजारीच बसली, "ह्या झाडाला फळ कधीच धरणार नाही."

यशोदाबाई पायरीवरचा भुगा हाताने गोळा करू लागल्या. कळत होतं, पण असं तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं.

"हा नर आहे. रातांब्यात नराचं झाड वेगळं असतं, मादीचं वेगळं. फळ मादीच्या झाडाला येतं. ह्याच्या फुलात नुसते पराग आहेत. फळ ज्याचं बनतं तो बीजकोशच नाही, तर फळ बनेल कशाचं?"

"बाप्या हाय?" यशोदाबाईंनी विचारलं.

"हो."

"हा... बाप्या हाय?"

"शंभर टक्के, आजी."

यशोदाबाईंनी झाडाकडे पाहिलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, अगदी नवरा मुलगा बघावा तसं पाहिलं. आणि मग त्या जे हसायला लागल्या! पदर तोंडात कोंबला तरी थांबेनात. वरच्या मजल्यावरून राजश्री गॅलरीत आली, काय झालं म्हणून. "तीस वर्स! तीस वर्स बाप्याला वांझ बोलली ही लोकं! आणि त्यानं मुकाट ऐकून घेतलं!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते नुसतं हसण्याचं पाणी राहिलं नाही. दीक्षाने घाबरून त्यांचा हात धरला.

"मना सांग," त्यांनी डोळे पुसले, "समोरचं गिरजाचं झाड?"

"ते मादी. आणि गावात तिसरा रातांबा नसेल, तर त्याला फळ धरतं ते बहुतेक ह्याच्याच परागावर."

"बहुतेक ठेव बाजूला," यशोदाबाई उठल्या. "तिसरा नाय. मी गाव ओलखते."

संध्याकाळी केतन आणि नमिता घरी आले, तेव्हा यशोदाबाईंनी चहासुद्धा होऊ दिला नाही. सगळं सांगून टाकलं. केतनने ऐकलं आणि खांदे पाडले. "आई, मग तर चान्सच संपला ना. फळ येणारच नाय."

पण नमिता उठून उभी राहिली होती. "नर आहे? नक्की?"

"दीक्षानं सगली फुलं कापून बघितली."

नमिताने तोंडावर हात ठेवला आणि रडायलाच लागली. यशोदाबाईंना समजेना. सून कधी ताप आला तरी कण्हायची नाही, तिला आज झालं काय? केतन चप्पल काढायची विसरून तसाच उभा. शेवटी तोच बोलला. "गाडीचं काय नव्हतं आई. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली. बायका हिला येता-जाता ऐकवतात. दारात वांझ झाड ठेवलंय, मग घरात काय होणार म्हणून. गिरजामावशी पण बोलली. मला वाटलं, झाड गेलं की बोलणं तरी थांबेल."

यशोदाबाई नमिताजवळ गेल्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपल्या घरात, आपल्या नाकासमोर, तोच शब्द परत आला होता, आणि आपण झाडासाठी भांडत बसलो होतो. त्यांनी नमिताला ओढून जवळ घेतलं. "मना का नाय बोललीस?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून."

"मना तरास झाला तर झाला. तो मी गिरजाला परत देऊन आली असती की!"

नमिता रडता रडता हसली. "आई, आता नका तोडू देऊ झाड."

"मी तोडत नाही," केतन म्हणाला, "पण मंडळाला काय सांगू? होळीला बोललंय. प्रसादने माइकवरून सांगितलंय. झाड मागे घेतलं तर गाव काय म्हणेल?"

हे मात्र खरं होतं.  गावाच्या रिवाजापुढे आरडाओरडा चालत नाही, हे धवलारणीला नाही कळणार तर कोणाला? रिवाजाला रिवाजच लागतो. त्यांनी बोटाकडे पाहिलं. दुपारचा पिवळा चीक अजून निघाला नव्हता. आणि बाई गालातल्या गालात हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या दीक्षाला घेऊन गल्लीपलीकडे गेल्या. गिरजाबाई बचत गटाचं सरबत करते, तिच्या बाटल्या पार करंजाड्यापर्यंत जातात. यशोदाबाई खुर्चीवर बसल्या, पाय पुढे घेतले आणि चहात साखर कमी आहे म्हणाल्या.

"आज काय गो, मोठी ऐटीत आलीस?" गिरजाबाई म्हणाली.

"मुलाकडची हाय मी. ऐट करनारच."

गिरजाबाईला वाटलं, हिला ऊन लागलं. मग दीक्षाने हिरवं फळ तोडून दाखवलं, त्याच्या डोक्यावरचा छोटा मुकुट दाखवला, तो फुलातल्या मादीच्या भागाचा असतो हे सांगितलं, आणि समोरच्या झाडाची फुलं शेजारी ठेवून फरक दाखवला. गिरजाबाई भिंगातून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"म्हनजे समोरचा गेला तर..."

"तर तुजी पोर बसंल बिननवऱ्याची," यशोदाबाई म्हणाल्या. "कर सरबत मंग चिंचेचं. चांगलं लागतं. मी तीस वर्स खाते."

गिरजाबाईने भिंग खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "यशोदे, मी लय वाईट बोलली गं. झाडाला पन. नमितालाबी."

"बोललीस. आता ते भरून काढ. मुलीची आय बनून उद्या हलद घेऊन ये माज्या दारात. चार बायकांत बोललीस, चार बायकांतच आन."

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी प्रसाद आणि मंडळाची पोरं कुऱ्हाड, दोर घेऊन आली, आणि गल्लीच्या तोंडालाच थबकली. यशोदाबाईंच्या दारात मांडव! आंब्याचे टाळे, केळीचे खांब, बेन्जोवाले. रातांब्याच्या बुंध्याला पांढरं उपरणं गुंडाळलेलं, शेंड्याला मुंडावळ्या कशा बांधल्या देव जाणे, आणि गावातल्या निम्म्या बायका पिवळी बोटं घेऊन उभ्या. गिरजाबाई हळदीची वाटी घेऊन पुढे, तिच्या मागे नमिता, करवली म्हणून नटलेली. राजश्रीने नवरदेवाचं उपरणं शिवलं होतं. दीक्षा मोबाइल वर धरून होती, म्हणे, वर्णनाला जोडायला फोटो लागतात.

आणि मधोमध यशोदाबाई, डोळे मिटून, गळा मोकळा सोडून:

"नवरा उभा गो दारी, नवरी समोर घरी,
वाऱ्यानं केली गो सोयरीक, कोना ना कलली."

"यशोदामावशी, हे काय?" प्रसाद ओरडला. "झाड होळीला बोललंय ना!"

यशोदाबाईंनी धवला पुरा केला. मधे तोडायचा नसतो. मग म्हणाल्या, "बोललंय. मी कुठं नाय बोलते? ने की."

प्रसादने कुऱ्हाड उचलली.

"पन आधी मना सांग, हलद लागलेला नवरा आपन उंबऱ्याबाहेर सोडतो काय?"

प्रसादची कुऱ्हाड तिथेच राहिली. हळद लागली की नवऱ्याला दुकानातसुद्धा पाठवत नाहीत, हे त्याला माहीत होतं. मागच्याच वर्षी त्याची स्वतःची हळद याच बाईने लावली होती, आणि मोबाइल रिचार्ज करायला बाहेर पडला म्हणून चार लोकांत कान धरला होता.

"बाहेर सोडत नाय, आणि तू आगीत घालतोस?"

बायका हसायला लागल्या. प्रसाद कान खाजवत म्हणाला, "मग हळद उतरवा ना मावशी."

"उतरवीन की. धवलारीनच उतरवते. मुहूर्त मिलाला की सांगते तुना."

"आणि होळीला काय लावू?"

"माज्या माल्यावर तुज्या काकाचा मोडका पलंग हाय, दोन जुनी दारं हायेत, सुकी लाकडं हायेत. सागाची. असली होली गावानं बघितली नसंल. केतन, काढून दे." केतन इतक्या उड्या मारत माळ्यावर गेला की शिडी पडता पडता राहिली. पोरांनी कुऱ्हाड मांडवाच्या खांबाला टेकवली आणि बेन्जोवर नाचायला सुरुवात केली. हळदीत आगरी पोरगा नाचणार नाही, हे कसं शक्य आहे?

मे महिन्यात गिरजाबाईच्या झाडावर जांभळ्या-लाल फळांनी फांद्या टेकल्या. पहिली टोपली तिने डोक्यावर घेऊन गल्ली ओलांडली. या वेळी बरणी नव्हती आणि तो टोमणाही नव्हता. "विहीनबाय, घ्या. तुमच्या लेकाचीच हाय कमाई." यशोदाबाईंनी टोपली झाडापुढे ठेवली, मग स्वयंपाकघरात नेली. त्या दिवशी केतनने खाडीतला जिताडा मासा आणला होता. तीस वर्षांनी त्यांच्या कालवणात चिंच पडली नाही, रातांब्याची ताजी सालं पडली. चव घेऊन त्या काही वेळ पातेल्यापाशी उभ्याच राहिल्या. काय माणूस होता, म्हणाल्या मनात. देईल, देईल म्हणत राहिला, आणि झाड खरंच तर देत होतं.

जेवायला गिरजाबाई होती, वरून दीक्षाही आली होती, आणि नेमक्या त्याच दिवशी केतनची लांबची आत्या वेणूबाई टपकली. घास तोंडात जाण्याआधीच तिने नमिताकडे बघून विचारलं, "काय गो, अजून काय नाय? चार वर्सं झाली ना? आमच्याकडं तर असल्या बायकांना..."

"वेनूबाय!" गिरजाबाईने भाकरी खाली ठेवली. यशोदाबाई तोंड उघडणारच होत्या, पण गिरजाबाई पुढे निघून गेली होती. "आधी फुलं दोन्ही झाडांची तपासावी, मंग नाव ठेवावं. मी तीस वर्स न बघता बोलली आणि तोंडावर पडली. तुना पडायचं हाय?"

केतनला जोराचा ठसका लागला. दीक्षा पाणी द्यायच्या ऐवजी हसत सुटली, आणि नमिता, जी कधी चारचौघांत मोठ्याने हसली नव्हती, ती ताट बाजूला सारून हसली. वेणूबाईला काहीच कळलं नाही, पण तिने पुढचं वाक्य गिळलं.

 यशोदाबाईंनी पळी पातेल्यात खोल घातली आणि जिताड्याचं मानाचं डोकं, जे धर्मराज गेल्यापासून त्या घरात कोणाच्याच ताटात गेलं नव्हतं, ते गिरजाबाईच्या ताटात वाढलं.